मामाजींच्या खोलीपर्यंतची तार

तमाम सुज्ञ नागरिकांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, फुलचूर येथील आमच्या राहत्या घरी, पुढच्या खोलीच्या खिडकीपासून अंगणापलीकडच्या मागच्या खोलीपर्यंत इंटरनेटची तार टाकण्याचे ऐतिहासिक कार्य एका महिन्यात दोनदा पार पडले. पहिली तार चुकीची निघाली. दुसरी अगदी बरोबर होती. सदर कार्याचा वृत्तांत सादर करण्याची जबाबदारी घरच्या सूनबाईवर आली आहे, कारण घरात बोलण्याची हौस फक्त तिलाच आहे. उपस्थितांनी मोबाइल बंद ठेवावेत आणि मागच्यांनी खुर्च्या ओढू नयेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना गप्प बसा म्हणायचं आणि घरी येऊन स्वतः त्याची भरपाई करायची, हा माझा शिरस्ता. लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळ्यांना एकच काळजी होती, की ही सासरी किती बोलेल आणि सासरा किती दिवस ऐकून घेईल. देवाने त्याची सोय आधीच करून ठेवली होती. सासऱ्यांना ऐकूच येत नव्हतं.

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पॉलिशरवर होते. तांदूळ पांढरा करणारी ती मशीन. ज्यांनी राइस मिल आतून पाहिली नाही त्यांना तिथला आवाज सांगून कळणार नाही. लग्नानंतर एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. आत होते फार तर दहा मिनिटं, पण बाहेर आल्यावर रिक्षावाला विहिरीतून बोलतोय असं वाटलं. मामाजी तिथे छत्तीस वर्षं होते. कान हळूहळू गेले, आणि गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं, कारण मिलमध्ये कानांचं काम कोणाला पडतच नाही. तिथे सगळे ओठ वाचतात. धान ओलं आहे, पट्टा घसरतोय, मालक आला, तुझ्या पोरीचं जमलं का, सगळं नुसती तोंडं हलवून. आवाज काढून उपयोगच नसतो, म्हणून कोणी काढत नाही.

मशीनच्या दुसऱ्या टोकाला, धान ओततात त्या हौदावर, त्यांचे जोडीदार असायचे. त्यांना मी काकाजी म्हणते. हे दोघं छत्तीस वर्षं त्या गडगडाटात समोरासमोर उभे राहून गप्पा मारत आले.

मी नवी नवरी होते तेव्हा एका रविवारी काकाजी घरी आले. दोघं ओट्यावर बसले. मी पाणी घेऊन गेले, चहा घेऊन गेले, कपबश्या उचलायला गेले. तिन्ही वेळा दोघं गप्प, एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसलेले. मी घाबरून आत आले आणि सासूबाईंच्या कानाला लागले, "आई, यांचं भांडण झालं वाटते. आपण मधे पडावं का?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कायचं भांडण वो बाई. सकारपासून कचकच लावून राहिले दोघं. माह्यं तं डोस्कं उठलं."

आणि त्याच क्षणी बाहेर दोघांनी एकदम मांडीवर थाप मारली आणि खदखदा हसू लागले.

पुढे एकेक कमी होत गेलं. सासूबाई गेल्या. मिल बंद पडली, तिथे आता मंगल कार्यालय आहे. काकाजींची बायको गेली आणि मुलाने त्यांना छत्तीसगडात, दुर्गला नेलं. काकाजींच्या गालात सदा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला तो आमच्या भागाचा प्रसाद. दुर्गला गेल्यावर दुसऱ्या वर्षी घशात गाठ निघाली. रेडिएशनचा शेक दिला. गाठ सुकली आणि तिच्यासोबत आवाजही सुकला. नुसता वारा निघायचा. तिकडच्या लोकांनी त्यांच्या हातात पाटी आणि खडू दिला.

ही बातमी मामाजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ओठांनी फार वाईट बोलते, घाईत अर्धे शब्द गिळते, त्यामुळे मला तीनदा सांगावं लागलं, आणि अशी बातमी तीनदा सांगणं म्हणजे काय ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. तिसऱ्यांदा मामाजींना कळलं. मग म्हणाले, "माह्यासंगं बोलाले त्याले आवाज कायले पायजे?"

तिथून व्हिडिओ कॉल सुरू झाले. दर रविवारी अकरा वाजता दुर्गची सून तिकडे फोन धरायची, मी इकडे धरायची. एकाला आवाज नाही, दुसऱ्याला कान नाहीत, आणि दोघं तासभर दुनियेची उखाळीपाखाळी काढायचे. मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात चहाटळ गप्पा त्या होत्या आणि त्यातलं एक अक्षरही मी ऐकलेलं नाही. हळूहळू मीही थोडं वाचायला शिकले. जे वाचलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी मामाजी न्हाणीत पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून ते खाटेवर. त्यांची खोली अंगणापलीकडे, जुनी, हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर टिन. पुढे आमच्या स्लॅबच्या घरात चला म्हणून आम्ही हात जोडले. ते म्हणाले, "नाही बा. तिकडे तुमची टीव्ही वाजते." बहिऱ्या माणसाला टीव्हीचा त्रास! मी हसले, पण मला कळलं होतं. त्या खोलीत त्यांची बायको गेली होती.

तर वायफायचा डबा पुढे आणि मामाजी मागे. डब्याची ताकद अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचायची आणि तिथे धापा टाकायची. टिनाखाली मोबाइलची एक दांडी यायची, तीही मर्जी असली तर. तुमचं-माझं बोलणं असतं तर निभावलं असतं. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, हॅलो हॅलो करत आपण पुढे जातो. इथे आवाज मुळातच नव्हता. चित्र चाललं की दोघं धडधाकट. चित्र अडकलं की काकाजी मुके आणि मामाजी बहिरे.

पोळा झाला आणि काकाजींचं दुखणं उलटलं. या वेळी फुप्फुसात. दुर्गच्या सुनेने मला वेगळा फोन केला. म्हणाली, "दीदी, डॉक्टर बोले हैं, अब घर में ही रखो। आपके बाबूजी को मत बताना।"  

मग घरात समिती बसली. समितीत मी, माझा नवरा आणि शेजारचे मिस्त्री. हे मिस्त्री आसपासच्या गावांतले धानाच्या शेतावरचे जळालेल्या पंपांच्या मोटरी नव्या तारेने भरून देतात. आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाचं विजेचं ज्ञान पंपावरून आलेलं आहे. पंपाचा नियम एकच. तार पातळ असली आणि लांब नेली की मोटर जळते.

"वयनी," मिस्त्री म्हणाले, "इंटरनेट बी शेवटी करंटच होय न जी? तुमी जाड तार आना. बाकी मी पाहून घेतो."

"जाडच घे वो," नवरा म्हणाला. "पंधरा वर्षं काही पाहाले नको."

दोघांच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. मीही शेतकऱ्याचीच लेक.

गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, मिस्त्रींच्या खांद्यावरचा दुपट्टा पाहिला आणि सरळ काचेच्या कपाटातून एक पेटी काढली. "मॅडमजी, ये देखो, कॅट एट। आठ नंबर। इसके ऊपर अभी दुनिया में कुछ बना नहीं।" तार बोटासारखी जाड, वर काळ्या-सोनेरी धाग्यांची वेणी, टोकाला सोनेरी जॅक. "हाथ में लेके वजन देखो।"

मिस्त्रींनी हातात घेऊन वजन पाहिलं, जसं मंडईत कोहळ्याचं पाहतात. नवऱ्याने पाहिलं. मी पाहिलं. तिघांनी माना डोलावल्या. दुकानात तेव्हा जी गंभीर शांतता पसरली तिच्यात एखाद्या मुलीचं लग्न ठरून गेलं असतं.

अडचण एवढीच, की त्या तयार तारा होत्या आणि सगळ्यात लांब तारही आमच्या अंगणाला पुरत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "दोन घ्या. जोड मारू." पंपाच्या तारेला सगळं शिवार जोड मारतं. मिस्त्रींनी दोन्ही तारांचा एकेक सोनेरी जॅक कापला, आतल्या आठ केसासारख्या तारा रंगाला रंग पाहून पिळल्या, त्यावर चिकटपट्टी, त्यावर खताच्या थैलीचा तुकडा, त्यावर सुतळी. असा जोड विहिरीत टाकला तरी वर्षभर टिकला असता. मग ती तार त्यांनी मामाजींच्या पंख्याला जाणाऱ्या करंटच्या तारेला बांधून, कपडे वाळवायच्या तारेवरून मागे नेली. दोघी एकाच रस्त्याने.

माझ्या मुलीचा जुना लॅपटॉप होता. ती नागपूरला शिकायला गेली तेव्हा नवा घेतला. जुन्याचा पडदा मोठा, म्हणजे काकाजींचे ओठही मोठे दिसणार. जॅक घातला आणि चित्र आलं. मिस्त्रींनी हात वर केले, जणू त्यांचा पंप चारशे फुटांवरून पाणी फेकत होता.

त्या रविवारी काकाजी तीन उशांना टेकून बसलेले दिसले. इतके वाळले होते की मी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला. मामाजींनी तो हळूच बाजूला केला, कारण मान वळली तर ओठ सुटतात. दोघं बोलू लागले. पाऊस, धान, कोणाच्या नातवाची नोकरी. मधेच काकाजी थांबले, दम घेतला, खाली पाहिलं. मग वर पाहून म्हणाले, आणि हे मीही नीट वाचलं, "तुले येक सांगाचं होतं. कधीचं."

मामाजींनी मान हलवली. सांग.

काकाजींनी तोंड उघडलं आणि चित्र अडकलं.

तोंड अर्धं उघडं. खालचा ओठ थोडा पुढे. एक डोळा मिटायच्या बेतात. मामाजी वाट पाहत राहिले. मिलमध्ये समोरच्याला खोकला आला की थांबायची सवय होती, तसे थांबले. मी तार हलवली, नवरा डब्याकडे धावला, मिस्त्री अंगणात जोडाला हात लावून उभे राहिले. चित्र तसंच. पाच मिनिटांनी ते काळं झालं.

"काऊन थांबला तो?" मामाजींनी मला विचारलं.

मी बोटाने तार दाखवली. फोन लावला तोवर काकाजी झोपी गेले होते. त्यांची सून म्हणाली, "बहुत थक गए दीदी। दोपहर में थोड़ा जागते हैं। आप जब बोलोगी मैं लगा दूँगी। रोज लगा दूँगी।"

हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. तिने रोज म्हटलं होतं.

सोमवारी मामाजींनी अंदाज बांधायला सुरुवात केली. जेवताना म्हणाले, "मालकाची सायकल हिरीत यानंच टाकली असंल. मालक माह्यावर संशय घेत होता." दुपारी म्हणाले, "नाही तं माह्यी छत्री. ते यानंच विकून खाल्ली." मला वाटलं ते मजेत आहेत. संध्याकाळी दूध घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझी सावली पाहून वळले. "वाईटच काही असंल वो बाई," म्हणाले. "चांगलं असतं तं इतकी वर्षं पोटात कायले ठेवलं असतं?"

 काही नसेल हो मामाजी, असं मी म्हणाले. त्यांनी माझे ओठ वाचले आणि डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटतात तेव्हा जगाचं बोलणं संपतं.

मंगळवारी शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकांना तारेची हकिगत सांगितली. ते म्हणाले, उरलेल्या तुकड्यातली आतली तार ब्लेडने खरवडून बघा. घरी येऊन खरवडली. वरून तांबडी, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता हात फिरवलेला. जाडी सगळी रबराची आणि वेणीची. ती वेणी सोलत नेली तेव्हा बोटाएवढ्या तारेतून सुतळीएवढी चीज निघाली. मी ती मुठीत धरून मिस्त्रींच्या घरी गेले. मिस्त्रींना काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, आणि चांगलंच ठरवलं होतं, दोन-तीन वाक्यांना तर टाळ्या पडल्या असत्या.

मिस्त्रींनी खरवडलेली तार पाहिली. ती बोटांत फिरवली. "पन जाड तं होती न जी," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "वयनी, म्हाताऱ्याचं बोलनं माह्या जोडात अडकलं का?"

मी ती तार त्यांच्या हातातून घेतली आणि घरी आले.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी एकटी बाजारात गेले, त्याच शिक्षकांनी सांगितलेल्या दुसऱ्या दुकानात. बोळातलं दुकान, काचेचं कपाट नाही, नुसती तारांची वेटोळी. मालक म्हातारे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मी तार दाखवा म्हटलं तर उठले नाहीत.

"कुठून कुठवर न्यायची?"

सांगितलं.

"घरातून का बाहेरून?"

अंगणातून, उन्हातून.

"चालवाचं काय त्याच्यावर?"

"दोन म्हाताऱ्यांचे ओठ," मी म्हणाले आणि सगळी कहाणी सांगितली. ते हसले नाहीत. आठ नंबरचं ऐकून मात्र त्यांनी मान हलवली. "ते मोठमोठ्या कंपन्यांच्या मशीनखोलीचं काम हाय मॅडम. तुमच्या अंगणाले सहा नंबर लय झाली. पाच नंबरनं बी भागलं असतं. फक्त आत पूर्ण तांबं पायजे, आणि तार अखंड पायजे. याच्यात जोड चालत नाही. आतल्या जोड्या कारखान्यात मोजून पिळलेल्या असतात, तो पीळ सुटला का बोलनं सांडते. आन करंटच्या तारेपासून हातभर दूर ठेवा. बांधायची तं अजिबात नाही."

त्यांनी एक पांढरं वेटोळं पुढे ओढलं. "हे पूर्ण तांबं. आज नेऊ शकता. पन हे घरातलं हाय. उन्हात याचं आवरण तीन-चार महिन्यांत तडकते. बाहेरची काळी येते, उन्हापाण्याची, ते दहा वर्षं टिकंल. माह्याजवळ संपली. नागपूरवरून शुक्रवारी येईल."

आता लक्ष द्या, कारण या वृत्तांतातला माझा प्रवेश हाच आहे.

पांढरी तार समोर होती. तीन-चार महिने. मी मनात म्हटलं, तीन-चार महिने खूप झाले की. आणि म्हटल्याबरोबर मला स्वतःची शिसारी आली. काकाजींना किती दिवस उरले याचं माप मी दुकानात उभी राहून घेत होते, आणि त्या मापाची तार मागणार होते. ती घरी नेली असती तर मामाजींनी नक्की विचारलं असतं, कितीक दिवस टिकंल वो? आणि मला माझ्या ओठांनी तीनदा सांगावं लागलं असतं. शिवाय एकदा चुकीची तार आणून बसले होते. लोकांनी दुसऱ्यांदा हसू नये, हेही होतं. खोटं कशाला लिहू?

मी म्हणाले, "काळीच द्या. शुक्रवारी येते मी."

बरं वाटलं. दहा वर्षांची तार सांगितली, म्हणजे जणू दहा वर्षं सांगून ठेवली. बाहेर पडताना मी स्वतःवर खूश होते. त्या दिवशी बुधवार होता आणि काकाजी दुपारचे जागे असायचे.

गुरुवारी मामाजींना मी सांगितलं की नवी तार येणार, अगदी खरी, सहा नंबर. त्यांना नंबर कळला नाही, तार कळली. त्यांनी नवऱ्याला बोलावून दाढी करायला लावली. मी म्हटलं, मामाजी, तार लागायला अजून एक-दोन दिवस आहेत. ते ओरडून म्हणाले, "तं काय झालं? करून ठेव."

शुक्रवारी तार आली आणि त्याच दुपारी दुर्गहून मेसेज आला. रात से साँस की तकलीफ है, घर पर ऑक्सीजन की मशीन लगाई है. मी तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. तार घेऊन घरी पोचले तोवर संध्याकाळ झाली होती, मिस्त्री केशोरी गावाकडे कोणाचा पंप उतरवायला गेले होते, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बोलावणं मला जमलं नाही. तो माणूस तीन दिवस आमच्या अंगणाकडे मान वर करून पाहत नव्हता.

शनिवारी सकाळी ते आले.  आधी जुनी तार सोडली, तो खताच्या थैलीचा जोड कापून खिशात टाकला. मग नवी तार प्लास्टिकच्या पाइपातून, भिंतीच्या कडेने, करंटपासून दूर, एक अखंड, कोपऱ्यावर मोडू न देता गोल वळवून नेली. टोकाला जॅक बसवायचा खास चिमटा त्यांनी त्या बोळातल्या म्हाताऱ्याकडून मागून आणला होता आणि रंगांचा क्रम कागदावर लिहून आणला होता. उन्हात उकिडवे बसून ते तो क्रम पुटपुटत होते, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. एकदा मांडला, पाहिला, मोडला, पुन्हा मांडला. मी चहा ठेवला तो तसाच निवला. मी इतक्या चांगल्या लक्षाने काम करताना फार कमी माणसं पाहिली आहेत आणि ते पाहून मला जो आनंद व्हायला हवा होता तो होत नव्हता.

दुपारी तीनला तार लागली. लॅपटॉप खाटेवर पाटावर ठेवला. मामाजींना धुतलेला सदरा हवा होता, तो घातला. नवरा पायाशी उभा राहिला. मिस्त्री उंबरठ्यावर, हातात चिमटा. मी दुर्गला कॉल लावला.

असं चित्र आमच्या घरात कधी आलं नव्हतं. काकाजींच्या भुवईचे पांढरे केस मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. उशीच्या अभ्र्यावरची निळी फुलं, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे. कुठे अडकत नव्हतं, कुठे फाटत नव्हतं. मिस्त्रींनी दारातून मान पुढे काढून पाहिलं आणि हळूच मागे घेतली.

काकाजींच्या नाकातोंडावर प्लास्टिकचा मास्क होता. कानामागून रबर, खाली नळी. आत वाफ धरायची आणि विरायची. त्या वाफेमागे तोंड होतं की नाही तेही दिसत नव्हतं. डोळे मात्र उघडे होते आणि ते सरळ मामाजींकडे पाहत होते.

दुर्गची सून बाजूने म्हणाली, "दीदी, सुबह से ऐसे ही हैं। किसी को कुछ बोलते नहीं। बस देखते रहते हैं।"

मी ते मामाजींना सांगायला वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते दोन्ही हात पाटावर टेकून पडद्यावर वाकले होते, मोडलेल्या खुब्यावर सगळा भार देऊन, आणि काकाजींच्या गालांकडे, डोळ्यांखालच्या कातडीकडे, मास्कच्या कडेशी हलणाऱ्या त्या जबड्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांशी बोलताना कधी आवाज काढला नव्हता. मामाजींनी आता काढला, इतका मोठा की अंगणातला चहाचा कप उचलायला गेलेले मिस्त्री परत धावत आले.

"अरे, काढा न ते त्याच्या तोंडावरचं! तो बोलून राहिला!"